आईच्या नावाने कॉलेजात पारितोषिक ठेवायचं आहे. रक्कम, अटी, अनुभव सांगा

एरंडवणे_पूर्व (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आई गेली त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. तिच्या नावाने पुण्यातल्याच एका कॉलेजात, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यासाठी एक पारितोषिक सुरू करावं असं आम्हा भावंडांचं ठरलंय. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, पण कला शाखेचं जुनं, अनुदानित कॉलेज आहे.

आईने लग्नानंतर, आम्ही दोघं शाळेत असताना, पुणे विद्यापीठातून बहिःस्थ म्हणून मराठी घेऊन बी.ए. केलं. दिवसा शाळेच्या ऑफिसात लिपिक, संध्याकाळी घर, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता व्याकरण. सेकंड क्लास मिळाला. त्याचे पेढे तिने गल्लीभर वाटले होते.

दादा म्हणतो, टी.वाय.बी.ए.ला मराठीत जो पहिला येईल त्याला द्या. सरळ काम, वाद नाही. मला ते पटत नाही, कारण आई जन्मात कधी पहिली आली नव्हती. हाताशी एक लाख आहेत, ताणून दीड होतील. कुणी असं पारितोषिक ठेवलं आहे का? कॉलेजवाले अटी मान्य करतात का? रक्कम पुरेल का? आणि कुणाला मिळालं असेल तर त्याचं पुढे काय झालं तेही सांगा.

पावशेर

लाखात हल्ली काय होतं ताई? वर्षाला सहा हजारांचं बक्षीस आणि फलकावर आईचं नाव. त्यापेक्षा एखाद्या मुलीची तीन वर्षांची फी भरा आणि मोकळ्या व्हा. कॉलेजांच्या पारितोषिक यादीत दीडशे नावं असतात. स्टेजवरून निवेदिका ती रेल्वेच्या उद्घोषणेसारखी वाचते आणि प्रेक्षागृहात फक्त पालक जागे असतात.

कारकून_निवृत्त

पावशेर, उद्घोषणेचं खरं आहे. ती यादी टाइप करून देणारा मीच. पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी झाली, शेवटी अधीक्षक होतो आणि पारितोषिकांचं रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं. म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही दिलेली रक्कम खर्च होत नाही. संस्था ती कायम निधीत घेते, बँकेत मुदत ठेव करते आणि व्याजातून बक्षीस देते. साडेसहा टक्के धरले तर लाखाला साडेसहा हजार. आज हा आकडा बरा वाटतो. पण आमच्या रजिस्टरात ऐंशीच्या दशकातले एक-एक हजाराचे निधी ढिगाने होते. तेव्हा व्याज दहा टक्के, म्हणजे शंभर रुपये बक्षीस, आणि शंभरात मुलाची क्रमिक पुस्तकं यायची. आज त्याच हजाराचे पासष्ट रुपये होतात. पासष्ट रुपयांसाठी व्हाउचर करायचं, चेक काढायचा, त्यावर दोन सह्या घ्यायच्या, प्रमाणपत्र छापायचं, आणि मुलाला फोन केला की तो विचारतो, "सर, यायलाच लागेल का?" रिक्षाला जास्त लागतात, त्याचं तरी काय चुकलं! ज्यांनी ते हजार दिले त्यांनी त्या काळी पगारातून कापून दिले होते हेही मला ठाऊक आहे.

महागाई सहा टक्के धरा आणि बहात्तरला सहाने भागा. बारा वर्षांत तुमच्या बक्षिसाची किंमत निम्मी होणार, चोवीस वर्षांत पाव. म्हणून देणगीपत्रात पहिली गोष्ट लिहा: व्याजातला पाव हिस्सा दरवर्षी मुद्दलात मिळवायचा आणि उरलेलंच वाटायचं. बक्षीस सुरुवातीला थोडं लहान दिसेल, दिसू दे. दुसरी गोष्ट, पुढेमागे व्याज अगदीच नाममात्र झालं तर त्याच विषयाच्या दुसऱ्या निधीबरोबर एकत्र करायची मुभा संस्थेला द्या, मात्र प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आली पाहिजेत. ही मुभा नसली की संस्थेचे हात बांधले जातात आणि निधी नुसता वहीत पडून राहतो.

आता शेवटच्या वर्षाबद्दल. ही अडचण बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. टी.वाय.चा निकाल जून-जुलैत लागतो. मग फोटोकॉपी, पुनर्मूल्यांकन, त्यात पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल. पारितोषिक वितरण स्नेहसंमेलनाच्या आगेमागे, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. तोवर पोरगं कुठे? एखादा विद्यापीठात एम.ए.ला, एखादा हैदराबादला नोकरीला, एखादी मुलगी सासरी. एफ.वाय., एस.वाय.ची बक्षिसं घ्यायला मुलं कॉलेजातच असतात. सगळ्यात मोठी बक्षिसं टी.वाय.ची आणि नेमकी त्याचीच पाकिटं माझ्या कपाटात उरायची. चेकची मुदत तीन महिने. ती संपली की पुन्हा नवीन चेक, पुन्हा सह्या.

यावर उपाय एवढाच की टी.वाय.चा परीक्षा फॉर्म भरतानाच बँक खात्याचा तपशील आणि घरातल्या एकाचा फोन नंबर घेऊन ठेवायचा, पैसे निकालानंतर थेट खात्यात टाकायचे, आणि समारंभात फक्त प्रमाणपत्र द्यायचं. कॉलेजला हे सुचवून बघा. कुरकुर करतील, पण करतील.

अटींचं उद्या लिहितो. हात दुखला.

सुई_दोरा

वाखू (वाचनखूण) साठवली. काका, पाकिटाची गोष्ट अगदी खरी. माझं एक पाकीट बहुधा अजून तुमच्यासारख्याच कुणाच्या कपाटात असेल.

मी 'पहिली' येणाऱ्यांपैकी. टी.वाय.ला होते त्या वर्षीच्या समारंभात मला इतक्या वेळा स्टेजवर बोलावलं की शेवटी प्रमुख पाहुणे म्हणाले, "तुम्ही इथेच उभ्या राहा." सगळे हसले. विषयात प्रथम म्हणून एक, मुलींमध्ये प्रथम म्हणून एक, भाषाशास्त्राच्या पेपरात सर्वाधिक म्हणून एक, अमुक प्राध्यापकांच्या स्मृतीचं एक, त्यांच्या पत्नीच्या स्मृतीचं एक. प्रत्येक देणगीदाराने आपापल्या जागी बसून 'पहिला येणारा' हीच अट लिहिलेली, त्यामुळे सगळ्या वाटा माझ्याच घरी आल्या. माझ्याहून दोन मार्कांनी मागे असलेली मैत्रीण टाळ्या वाजवत बसली होती. निबंध ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगला लिहायची.

त्यात एक सुवर्णपदकही होतं. निळ्या मखमलीच्या डबीत, वर विद्येची देवता, मागे माझं नाव आणि आडनावातला एक काना गायब. पुढे घरात अडचण आली तेव्हा बाबा ते घेऊन लक्ष्मी रोडला ओळखीच्या सोनाराकडे गेले. त्याने कसोटीचा दगड काढलाच नाही. पदक तळहातावर तोलून म्हणाला, "काका, पाणी दिलंय. जपून ठेवा, मुलीचं आहे." पदकावर मुलामा असतो हे पुष्कळ ठिकाणी असंच असतं म्हणे, आणि असू दे. फक्त ताई, तुम्ही पदकाच्या भानगडीत पडू नका. डबी आणि मुलाम्यावर पैसे घालण्यापेक्षा रोख द्या. मला त्या सगळ्यांतून उपयोगी पडली ती फक्त रोख. तिच्यातून एम.ए.च्या पहिल्या वर्षाची मेस भागली.

तळ्यातमळ्यात

धागा रंगतोय. पुण्यात विद्येला बक्षीस आणि त्याच्या अटीवरून भांडण हे काही आजचं नाही, म्हणून थोडं मागचं.

पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. मूळ प्रघात तळेगावच्या दाभाड्यांचा, पुढे पेशव्यांनी चालवला. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिच्यातला काही पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. मग लोकहितवादी वगैरे नव्या मंडळींनी मागणी केली की दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, आणि लिहिणारा कुठल्या जातीचा ते बघू नका. शहरात केवढा गदारोळ! पण दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि पुढे त्याच पैशातून दक्षिणा फेलोही नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे त्यांतलेच. म्हणजे जन्मावर मिळणारा पैसा कामावर मिळू लागला, तो अट बदलल्यामुळे. पैसा जुनाच होता.

आता दुसरी बाजू. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाच्या पदवीच्या अखेरच्या परीक्षेत ती तिच्या तुकडीत सर्वांत वर आली. त्या स्थानावर येणाऱ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती तिला नाकारली गेली, कारण ती बाई होती. शेवटी इंग्लंडातल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली (फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांतल्या एक) आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये तिथली बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. गुणांनी बक्षीस कमावलेलं, पण हातात पडलं नाही.

आणि चांगल्या अर्थाने नाव टिकलेलं उदाहरण हवं तर मॅट्रिकची जगन्नाथ शंकरशेठ संस्कृत शिष्यवृत्ती. पदवीची नाही, पण चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ मध्ये मिळवली. ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले, तरी जुने लोक त्यांची ओळख करून देताना 'शंकरशेठ स्कॉलर' हे आधी सांगायचे. रक्कम किती होती हे कुणाला आठवतं?

पावशेर

इतिहास वाचून बरं वाटलं. पण ताईंचे दीड लाख अजून तिथेच आहेत.

गणितवाला

'पहिला' ठरवणं सोपं असतं या दादांच्या गृहीतकाबद्दल दोन शब्द.

रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर (म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले) झाले हे पुण्यात फर्ग्युसनच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं की त्या वर्षी पहिला क्रमांक विभागून होता, त्यांच्या जोडीला आणखी एक विद्यार्थी होता. म्हणजे इतक्या काटेकोर परीक्षेतही बरोबरी झाली. आता आपल्याकडे बघा. गुणांची टक्केवारी होती तेव्हा निदान दशांशात फरक पडायचा. श्रेयांक पद्धतीत एकाच ग्रेडमध्ये ७१ वालाही बसतो आणि ७८ वालाही, त्यामुळे सीजीपीएला तीन-तीन मुलं सारखी. बरोबरी झाली तर काय, हे लिहिलं नसेल तर कार्यालय आपल्या मनाने ठरवतं. कुणी जन्मतारीख बघतं, कुणी बारावीचे गुण. मी एका ठिकाणी आडनावाच्या आद्याक्षरावरून ठरवलेलं पाहिलं आहे. ज्याचं आडनाव 'आ'ने सुरू होतं त्याची चंगळ.

आणि केंब्रिजचंच अजून एक. तिथलं गणितातलं स्मिथ प्राइझ रॉबर्ट स्मिथच्या मृत्युपत्रातून निघालं, तो वारला १७६८ ला. शंभराहून जास्त वर्षं ते परीक्षेवर दिलं जायचं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला परीक्षा काढून टाकून निबंधावर द्यायला लागले. आपल्या जयंत नारळीकरांना १९६२ मध्ये मिळालं ते असं बदललेलं बक्षीस. काळाप्रमाणे पद्धत बदलली, म्हणूनच ते १९६२ पर्यंत पोचलं. तुमच्या देणगीपत्रात हेतू पक्का लिहा, पद्धत थोडी सैल ठेवा.

कारकून_निवृत्त

गणितवाले नेमकं बोललात. अटींबद्दल राहिलेलं लिहितो.

माझा निकष एकच होता: विजेता कोण हे कार्यालयातल्या माणसाला कार्यालयातल्याच कागदांवरून ठरवता आलं पाहिजे. 'होतकरू व सद्वर्तनी' लिहून आलेले निधी होते. सद्वर्तन कुठल्या रजिस्टरात बघू? 'अमुक तालुक्यातील रहिवासी' अशी अट असली की मुलाला तहसीलच्या दाखल्यासाठी पळवा. चार मुलांना पळवायचं, मिळणार एकाला, उरलेले तिघे कार्यालयाला शिव्या घालणार.

दुसरा घोटाळा पेपरांचा. पुण्यात बी.ए.ला एस-३, एस-४ असे विशेष स्तराचे पेपर असायचे. प्राध्यापक मंडळी निवृत्त होताना मोठ्या प्रेमाने निधी द्यायची, 'एस-४ मध्ये सर्वाधिक गुण'. मग वार्षिक परीक्षा जाऊन सत्रं आली, एका पेपरचे दोन झाले, २०१९ पॅटर्न आला, आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलं. एस-४ गेला, निधी अनाथ झाला. देणगीदार हयात नाहीत, मुलगा अमेरिकेत, पत्राला उत्तर नाही. म्हणून विषयाचं नाव लिहा, पेपरचा क्रमांक लिहू नका. आणि 'अट लागू होत नसल्यास प्राचार्य व विभागप्रमुख मूळ हेतूस जवळचा निकष ठरवतील' हे वाक्य घाला. या एका वाक्याने निधी वाचतो.

खिडकीशेजारी

मी शिकवते, म्हणून विभागाच्या बाजूने.

'अटी मान्य करतात का' असं विचारलंत. कॉलेजं सहसा मान्य करतात, कारण देणगी नाकारणं जड जातं. त्यामुळेच देणाऱ्याने तारतम्य ठेवायला हवं. २०१७ चं शेलारमामा सुवर्णपदकाचं प्रकरण आठवत असेल. विद्यापीठाच्या परिपत्रकात विजेता शाकाहारी आणि निर्व्यसनी असावा अशी अट होती. ते परिपत्रक पेपरात आलं आणि देशभर हसं झालं, विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. कुटुंबाची भावना खरी असेल, पण विद्यार्थ्याच्या ताटात डोकावायचा हक्क पदकाने मिळत नाही.

गुणांबद्दलही एक. २०२०-२१ मध्ये परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी झाल्या. मराठी साहित्याची परीक्षा, आणि समोर चार पर्याय! सगळ्यांना भरघोस गुण पडले, आणि त्या वर्षीही 'सर्वाधिक गुण' अटीची सगळी पारितोषिकं नियमाप्रमाणे दिली गेली. कुणाला दिली ते मी सांगू शकेन, का दिली ते नाही.

मला विचाराल तर प्रकल्पाला किंवा दीर्घ निबंधाला बक्षीस ठेवा. आमच्याकडे टी.वाय.ची एक मुलगी कोथरूडच्या भाजीवाल्या बायकांच्या बोलीवर प्रकल्प करून आली होती. गवारीची प्रत सांगायला त्या किती शब्द वापरतात याची तिने वही भरली होती. परीक्षेत तिला यथातथाच गुण होते. तिला देण्यासारखं एकही पारितोषिक आमच्या यादीत नव्हतं. शेवटी विभागातल्या आम्ही चौघींनी वर्गणी काढून तिला शब्दकोश घेऊन दिला.

कारकून_निवृत्त

मॅडम, तत्त्वतः मान्य. पण निबंध तपासणार कोण? पहिली दोन वर्षं विभाग उत्साहाने तपासतो. पुढे 'यंदा निबंध आले नाहीत' असा शेरा येतो. आमच्याकडे अशी बक्षिसं 'योग्य उमेदवार नाही' म्हणून वर्षानुवर्षं पडून होती. आणि प्राध्यापकांनी निवडलं की लाडका-नावडता ही कुजबुज आलीच.

खिडकीशेजारी

कुजबुज सीजीपीएवरही होते, काका. अंतर्गत गुण कोण देतं? :)

सीए_सहकारनगर

थोडं रुक्ष, पण कामाचं. देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्या, दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ८०जी (देणगीवरची आयकर वजावट) मिळत नाही. सोबतच्या पत्रात 'ही रक्कम कायम निधीसाठी आहे' असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती चालू देणगी म्हणून खर्चाला लागू शकते. पावती कॉलेजची नाही, ज्या विश्वस्त संस्थेचं कॉलेज आहे तिची येईल. ८०जीचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि नवीन करप्रणालीत असाल तर ८०जीची वजावट मुळातच नाही, तेव्हा तिच्या हिशेबाने रक्कम ठरवू नका.

कमवाशिका_माजी

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लॉगिन केलं.

मी बीड जिल्ह्यातून पुण्यात आलो, कला शाखेत होतो, कमवा व शिका योजनेत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांत चालते. तासावर काम, महिन्याला मानधन. सकाळी आठच्या आत ग्रंथालयात हजर व्हायचं, आदल्या दिवशी टेबलांवर राहिलेली पुस्तकं वर्गीकरणाच्या नंबराप्रमाणे मांडणीत लावायची, जुन्या वृत्तपत्रांच्या फायली झाडायच्या. मग लेक्चर. संध्याकाळी मेसचा डबा पोचवायचं वेगळं काम, ते योजनेबाहेरचं. गुण पंचावन्न-साठच्या मध्ये कुठेतरी.

पारितोषिक वितरणाला मी दरवर्षी असायचो. खुर्च्या मांडायला. यादीत यायचा प्रश्न नव्हता, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण ते आपलं नाहीच असं धरलेलं असतं.

ताई, तुमच्या आईची गोष्ट वाचली. नोकरी करून सेकंड क्लास. अशी मुलं प्रत्येक कॉलेजात आहेत आणि त्यांची यादी तयार असते. योजनेतल्या मुलांचं हजेरीपत्रक विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे दर महिन्याला जातं, मानधन त्यावरच निघतं. कारकून काकांना हवा तसा कार्यालयातलाच कागद. त्यांच्यात टी.वाय.ला जो सर्वांत वर असेल त्याला द्या. उत्पन्नाचा दाखला नको, तहसील नको.

फक्त एक विनंती. स्टेजवरून 'गरीब पण होतकरू' म्हणू नका. प्रमाणपत्रावरही 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' छापू नका. पोरगं ते प्रमाणपत्र नोकरीच्या फाइलला लावणार असतं.

सुई_दोरा

+१. शेवटच्या परिच्छेदाला +१००.

पावशेर

हे मात्र पटलं. माझा फीचा मुद्दा मागे घेत नाही, पण बाजूला ठेवतो.

एरंडवणे_पश्चिम

मी दादा. हिने धाग्याची लिंक पाठवली, म्हणून खातं काढलं. 'दादाचं गृहीतक' वगैरे वाचलं, असो.

माझीही बाजू ऐका. बोर्डाच्या गुणवत्ता याद्या पेपरात छापून यायच्या तेव्हा आई ती पानं कापून ठेवायची. एकही ओळखीचं नाव नसायचं. "कुणाचं तरी पोर आलंय ना वर," म्हणायची. पहिल्या येणाऱ्याचं तिला कौतुक होतं, मत्सर नव्हता. आणि तिचं सगळं जीवन मराठीभोवती. तुमच्या सूचनेत मराठी कुठे आहे? कमवा व शिकातला मुलगा भूगोलाचा निघाला तर आईच्या नावाचं पारितोषिक भूगोलाला?

मराठी राहणार असेल तर माझ्याकडून अजून पन्नास हजार.

एरंडवणे_पूर्व

दादा, तू इथे??

कात्रणांची पेटी माझ्याकडे आहे, तुला दाखवेन. भूगोलाला गेलं तर आई रागावली नसती, पण तू म्हणतोस तेही खरं. मंडळी, सगळ्यांच्या सूचनांवरून मसुदा केलाय, फोडून काढा:

'पदवीच्या अंतिम वर्षात मराठी हा मुख्य विषय घेतलेल्या व त्या वर्षी कमवा व शिका योजनेत काम केलेल्या विद्यार्थ्यांपैकी मराठी विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास हे पारितोषिक देण्यात यावे. गुण समान असल्यास रक्कम विभागून द्यावी. व्याजाचा एकचतुर्थांश भाग दरवर्षी मुद्दलात जमा करावा. ही रक्कम कायम निधीसाठी आहे.'

गणितवाला

बरोबरीचं आलं, छान. पण दोन्ही अटी एकत्र लावल्यात तर टी.वाय. मराठीत योजनेतली मुलं किती असतील? काही वर्षी एकही नसेल.

कारकून_निवृत्त

तेच म्हणणार होतो. उतरती भाजणी लावा. पहिली पसंती मराठी मुख्य विषय आणि कमवा व शिका. असं कुणी नसेल तर योजनेतला कला शाखेच्या अंतिम वर्षाचा कुठल्याही विषयाचा विद्यार्थी. तोही नसेल तर त्या वर्षीचं व्याज मुद्दलात. 'मराठीत प्रथम' ही पसंती कुठल्याच पायरीवर ठेवू नका दादासाहेब, एकदा ती वाट ठेवली की कार्यालय सोपी वाट म्हणून दरवर्षी तिथेच जाईल. मी कार्यालयातलाच आहे, मला विचारा.

'त्या वर्षी' काम केलेल्या हे शब्द बदला. टी.वाय.ला बरीच मुलं अभ्यासासाठी काम सोडतात. 'पदवीच्या तीन वर्षांत किमान दोन सत्रे' असं लिहा. तीन वर्षांचंही आता चार होतंय म्हणतात, तेव्हा 'पदवी अभ्यासक्रमाच्या काळात' हे जास्त सुरक्षित.

कमवाशिका_माजी

दोन सत्रं बरोबर. मीही शेवटच्या सत्रात सोडलं होतं.

खिडकीशेजारी

आणि योजनेचं नाव उद्या बदललं तर? 'किंवा तिच्या जागी येणारी तत्सम योजना' जोडा. सरकारला नावं बदलायची हौस असते.

एरंडवणे_पश्चिम

चालेल. मराठी पहिल्या पसंतीला आहे, पन्नास हजार देतो. भूगोलवाल्याला मिळालं तर मात्र समारंभाला तू जा.

एरंडवणे_पूर्व

जाईन की. काका, आता हा मसुदा घेऊन प्राचार्यांना भेटू की आधी कार्यालयात?

कारकून_निवृत्त

आधी कार्यालयात. लेखा विभागात जो कुणी निधीचं रजिस्टर बघतो त्याला दाखवा, तो म्हणेल तिथे शब्द बदला, मग प्राचार्यांकडे जा. प्राचार्य दर काही वर्षांनी बदलतात, तो टेबलावरच असतो. सकाळी जाऊ नका, फॉर्मची रांग असते. साडेतीननंतर जा. मसुद्याच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. आणि प्रमाणपत्रावर छापायचं आईचं नाव टाइप करून द्या, हाताने लिहून नको. सुई_दोरा ताईंचा काना आठवतोय ना?

सुई_दोरा

:D